डग्ग्याचा पोत कुठे ऐकू येतो? (कूलर बंद केल्यावर पडलेला प्रश्न)

संत्राबर्फी

मृग कोरडा गेला. परवा रात्री एकदाचा पाऊस आला आणि मार्चअखेरीपासून दिवसरात्र घरघरणारा कूलर मी बंद केला. मग सवयीने हेडफोन लावून एक जुनं एकल तबलावादन ऐकायला घेतलं. विलंबित तीनताल, सुरुवातीचा संथ पेशकार. शंभरदा तरी ऐकलं असेल. पण दुसऱ्याच आवर्तनात दचकले. डग्ग्यावर, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या जाड आवाजाच्या वाद्यावर, तळहाताची टाच सरकते ना, तिची खसखस ऐकू आली! डग्ग्याचा घुमणारा बोल 'गे' नुसता वर चढत नव्हता. तो कुठून निघाला, मध्ये कुठे रेंगाळला, कुठे जाऊन टेकला, सगळं कळत होतं.

हे हेडफोन मी दिवाळीत घेतले आणि उन्हाळाभर त्यांना शिव्या दिल्या. डग्गा नुसता 'भुम्' वाजतो, त्यात दाणा नाही, अशी माझी तक्रार होती. आता वाटतंय की बिचाऱ्यांची माफी मागावी लागणार. पण डोक्यात काही गोष्टी अडकल्यात.

कूलरचा आवाज जाड. टाचेची खसखस बारीक. मग जाड आवाजाने बारीक आवाज कसा खाल्ला? जाडाने जाड खाल्ला असता तर समजलं असतं.

दुसरं म्हणजे मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. त्यातून डग्ग्याचा खालचा स्वर निघणं शक्यच नाही. तरी तिथेही डग्ग्याची मींड, म्हणजे स्वराचं सरकत चढणं-उतरणं, बरोबर कळते. डग्गा रोडावलेला वाटतो, पण स्वर तोच.

आणि माझ्या १० × १२ च्या खोलीत, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरवर बेस भरपूर आहे, पण रेला, म्हणजे बोलांची वेगवान सर, सुरू झाला की डग्ग्याची खिचडी होते.

भाऊ म्हणतो, "बेसमध्ये कसलं आलंय डिटेल? बेस म्हणजे धडधड. डिटेल पाहिजे तर सतार ऐक." त्याला उत्तर द्यायचंय. मदत करा.

तर्रीपोहा

ताई, आधी त्या कूलरच्या मोटरला तेल द्या. 😀

नागपुरात मार्च ते जून कोणी कोणाचं ऐकतच नाही, नुसते "आँ?" आणि "काय म्हन्ला?" करून राह्यतात. आमचे बाबा कूलरसमोर बसून टीव्ही पाहतात, त्याचा आवाज खालच्या पानठेल्यावर ऐकू येते. धागा वाचून राहिलो, चालू द्या.

कंपनमापक

तुमचा पहिला प्रश्न उलटा करून पाहा. बारीक आवाज जाड आवाजाला झाकतो का? फारसा नाही. जाड मात्र बारकाला सहज झाकतो. वेगेल आणि लेन या दोघा संशोधकांनी १९२४ सालीच हे मोजून दाखवलं होतं. आवाज मोठा होत जातो तशी ही झाकाझाकी वरच्या स्वरांच्या बाजूला अधिकच पसरते.

कारण कानाच्या बांधणीत आहे. आतल्या कानातला शंख उलगडला तर साधारण ३५ मिलिमीटरची पट्टी होते. दारापाशी बारीक स्वरांची जागा, पार शेवटी खर्जाची. बारीक स्वराची लाट दारापाशीच विरते. खर्जाच्या लाटेला मात्र शेवटपर्यंत जायचं असतं, त्यामुळे ती अख्खी पट्टी हलवत जाते. आपल्या नागपूरच्या महाल भागातली गल्ली समजा. ज्याचं घर टोकाला, त्याच्या विटांचा ट्रक येता-जाता सगळ्यांची दारं खडखडवणार. ही लाट शोधल्याबद्दल बेकेशींना १९६१ चं नोबेल मिळालं.

आता तुमचा कूलर. मोटर मिनिटाला १४०० फेऱ्यांची आणि पंख्याला चार पाती धरली, तर सेकंदाला ९३ वेळा पातं हवा कापतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची, तिची गुणगुण त्याच्या दुपटीला, म्हणजे १०० वर. डग्ग्याचा मूळ स्वरही याच मोहल्ल्यात राहतो. त्याच्या डोक्यावरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उठणारे दोनशे ते पाचशेच्या आसपासचे वरचे स्वर, कूलरच्या घरघरीखाली दबतात. टाचेची खसखस त्याहूनही वर, पण तिच्यावर पाण्याची आणि हवेची फरफर थेट येऊन बसते. दोन्हीकडून मार. उरतं काय, तर 'भुम्'.

भावाला सांगा की तो अर्धा बरोबर आहे. ज्याला आपण बेसचा बारकावा म्हणतो तो मूळ खालच्या स्वरात जवळजवळ नसतोच. ८० हर्ट्झचा एक हेलकावा पुरा व्हायला साडेबारा मिलिसेकंद लागतात. एवढ्या संथ हेलकाव्यात बोट कसं पडलं, नख लागलं की पेर लागलं, हे लिहायला जागाच नाही. ते लिहिलेलं असतं वर, ठोक्याच्या पहिल्या क्षणात आणि उपस्वरांच्या चढउतारात. मेंदू ते सगळं एकत्र बांधून 'डग्गा' नावाच्या एकाच गाठोड्यात टाकतो, म्हणून आपल्याला वाटतं की पोत खाली आहे.

संत्राबर्फी

ट्रकचं उदाहरण भावाला लगेच पटलं, कारण आमच्याच गल्लीत घर बांधून राहिलेत.

पण मी उन्हाळ्यात आवाज वाढवून ऐकायचे. मग तर डग्गा जास्त स्पष्ट व्हायला हवा होता ना? उलट आणखी बोजड व्हायचा.

कंपनमापक

व्हायलाच हवा होता बोजड. आपला कान सगळ्या स्वरांना एका मापाने मोजत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढले, पुढे ते सुधारत गेले. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. वरचा स्वर ८० वर नेला तर खालच्याला सुमारे १०२ पुरतात. म्हणजे मधल्या स्वरांनी ४० पायऱ्या चढाव्या तेव्हा बेस फक्त २४ चढून त्यांच्या बरोबरीला येतो. म्हणून आवाज वाढवला की बेस फुगतो आणि कमी केला की सगळ्यात आधी बेस मरतो. जुन्या अँप्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याच्याचसाठी. हळू आवाजात ऐकताना बेस वर उचलायचा.

तुम्ही कूलरवर मात करायला आवाज वाढवलात, बेस फुगला आणि त्याने स्वतःच्याच उपस्वरांना झाकलं.

यावरून एक सूचना. दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. नाहीतर जो जरा मोठा वाजतो तोच 'भारी बेस' ठरतो. दुकानात हेच होतं.

काळी_एक

मी चाळीसेक वर्षं तबला वाजवतो, शिकवतोही. यंत्रातलं मला फार कळत नाही, पण कंपनमापक म्हणतात ते हाताला माहीत आहे.

डग्ग्याची शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा गोल, मधोमध नसते, एका बाजूला असते. टाच टेकवायला मैदान मोकळं राहावं म्हणून. टाच दाबली की चामडं ताणलं जाऊन स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. नवा विद्यार्थी नुसता दाबतो. त्याचा 'गे' चढतो खरा, पण लिफ्टसारखा. चांगल्या हातात दाब आणि सरकणं दोन्ही असतं, आणि सरकताना चामड्याचा जो खरखरीतपणा लागतो तो आवाजात उतरतो. हाताला घाम असेल तर टाच अडकते आणि मींड तुटते. मे महिन्यात आपल्याकडे वर्ग घेणं म्हणजे पावडरचा डबा शेजारी हवाच.

आणखी एक. मी मुलांना डग्गा ऐकायला शिकवतो तो सुटण्याकडून. ठोका सगळ्यांनाच ऐकू येतो. ठोक्यानंतर घुमारा किती राहिला, तो आपणहून विरला की हाताने मिटवला, यात वादकाची ओळख असते. 'धा' मधला डग्गा मोकळा सोडायचा की पुढचा बोल यायच्या आत झाकायचा, घराण्याघराण्यात यावरून वाद आहेत. तुमच्या खोलीत खिचडी होते ती इथेच. मिटवलेला डग्गा खोली मिटू देत नसेल.

दूरदेशी_नागपूरकर

काका, फार सुंदर लिहिलंत.

थोडं अवांतर, पण नागपूरचा धागा आहे म्हणून. तबल्याच्या नादाचं शास्त्र सर सी. व्ही. रामन यांनी मांडलं आणि ते नागपुरातच नोकरीला होते! त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र उगाच नाही गांधीसागरापाशी.

माळवद

गल्लत होतेय. रामन वित्त खात्यात होते आणि १९१० मध्ये रंगूनहून बदली होऊन नागपूरला आले, हे खरं. पण वर्षभरही राहिले नाहीत, १९११ मध्ये पुन्हा कलकत्त्याला गेले. तबला-मृदंगावरचं काम त्यानंतरचं. शिवकाली कुमार यांच्याबरोबरचं टिपण १९२० चं आणि सविस्तर लेख १९३४ चा. तबल्याचं श्रेय नागपूरला देता येणार नाही, संत्र्यावर समाधान माना.

काम मात्र या धाग्याच्या गाभ्याचं आहे. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाला स्पष्ट 'सा' नसतो. तबल्याच्या शाईने मधला भाग जड होतो आणि पहिले पाच स्वर जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा पटीत येतात. म्हणून तबला सुरात लावता येतो. डग्ग्याची शाई बाजूला असल्याने तो तितका सुरेल नसतो. त्याचा स्वर कळतो, पण थोडा धूसर.

दूरदेशी_नागपूरकर

दुरुस्तीबद्दल आभार. लहानपणी सहलीला त्या केंद्रात नेलं होतं, तेव्हापासून डोक्यात हेच बसलं होतं.

सदरबाजार

तुम्ही सगळे हेडफोनवाले आहात म्हणून असं बोलताय. बेस कानाने ऐकायची गोष्टच नाही, छातीने ऐकायची आहे. मी साउंडच्या धंद्यात आहे. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत उभं राहून पाहा, ढोलाचा ठोका बरगड्यांत बसतो. ते तुमच्या हेडफोनात कुठून येणार? डिटेल हवं तर मोठा वूफर लावा, मोकळ्या मैदानात लावा. बाकी सगळं पुस्तकी.

कंपनमापक

मोकळ्या मैदानाचं शंभर टक्के मान्य. छतच नाही, मग घुमणार काय.

छातीचंही खोटं नाही. त्वचेखाली कंपन टिपणाऱ्या पेशी असतात, त्यातल्या एका जातीला सगळ्यात बारीक कंपन २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास कळतं, दुसरीला त्याच्या बरंच खाली, ५० च्या आत. ठोका कधी पडला, किती जोराचा होता, हे शरीराला उत्तम कळतं. हेडफोनात तेवढं हरवतंच. पण दोन डग्ग्यांच्या पोतातला फरक बरगडीला सांगता येणार नाही. तुमच्याकडे वूफर मोठे आणि ठोक्याची धार काढणारे वरचे स्पीकर बंद, असं करून बघा. लोक म्हणतील, ढोल चादरीत गुंडाळलाय.

सदरबाजार

ते करून झालंय. मागे ऐन विसर्जनात वरचे हॉर्न गेले होते. लोकांनी तेच म्हटलं, फक्त शब्द वेगळे होते. 😅

बरं, एक विचारतो. पोलिसांचा मीटर ऐंशीच्या घरात दाखवतो आणि समोरचे काका म्हणतात खिडक्या थरथरतात. खोटं कोण बोलतं?

कंपनमापक

कोणीच नाही. नियमातले आकडे, म्हणजे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५, हे 'ए' भारांकनाचे आहेत. हे भारांकन कानाची नक्कल करायला बेस वजा करून मोजतं. ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा. खिडकीच्या काचेला हे भारांकन माहीत नसतं.

तर्रीपोहा

म्हणजे सदरबाजार भाऊंचा वूफर मीटरला दिसत नाही, अन् काकांना दिसते. हे पॉइंट विसर्जनाच्या आधी कोणाला सांगू नका बाप्पा.

माळवद

संत्राबर्फींच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. १० × १२ ची खोली, उंची साधारण १० फूट असणार. १२ फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी लाट अडकून उभी राहते ती ४७ हर्ट्झच्या आसपास. १० फुटांच्या भिंतींची ५६. आणि उंचीही १० फूट असेल तर तिचीही ५६, म्हणजे त्या स्वरावर दुप्पट जोर. पुढे त्यांच्या दुपटी ९४ आणि ११२, नेमक्या डग्ग्याच्या हद्दीत. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की या सगळ्या लाटांना एकदम ढकलणं मिळतं. मग डग्गा मिटला तरी खोली वाजत राहते.

रेल्यात सेकंदाला वीस बोल पडले तर दोन बोलांत ५० मिलिसेकंदांचं अंतर. ९४ हर्ट्झचे त्यात जेमतेम पाच हेलकावे होतात. तेवढ्यात काँक्रीटची खोली शांत होत नाही. काळी_एक काकांचं 'सुटणं' ऐकायला मधे जागाच राहत नाही.

माझं आजोळ इतवारीतल्या एका वाड्यात होतं. मातीच्या जाड भिंती, लाकडी माळवद, खाली सतरंजी, कोपऱ्यात गाद्यांची चवड. तिथे रेडिओवर तबला जसा ऐकला तसा पुढे फ्लॅटमध्ये महागड्या यंत्रावरही ऐकू आला नाही. आठवणींचा हातभार वजा करूनही म्हणतो. गाद्यांची चवड आणि हलणारं लाकडी छत बरंच काही गिळत असणार.

उपाय फुकटातला. स्पीकर तुम्ही जिथे बसता तिथे ठेवा, डग्गा वाजवत ठेवा आणि स्वतः खोलीभर भिंतीच्या कडेने फिरा. जिथे डग्गा सगळ्यात सुटसुटीत ऐकू येईल तिथे स्पीकर न्या.

(अतिअवांतर: ४५ अंशांत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५८ मीटर होतो, २० अंशांत ३४३. म्हणजे मे महिन्यात तुमची खोली ४७ ऐवजी ४९ वर घुमेल. याचा उपयोग शून्य.)

काळी_एक

यंत्राशिवाय हेच ऐकायचं तर पेटी घ्या. मधल्या सप्तकात सा-ग एकत्र दाबा, गोड. तेच सगळ्यात खालच्या सप्तकात दाबा, गुरगुर. मी पेटीवाल्याला सांगतो, खाली जोडस्वर देऊ नकोस, माझा डग्गा मरतो.

कंपनमापक

अगदी नेमकं. पेटीच्या पांढरी एक पट्टीचा खालचा सा १३१ धरला तर ग १६५, अंतर ३४. त्या भागात कानाची चाळणीच साधारण ४० हर्ट्झ रुंद भोकांची, त्यामुळे दोन्ही स्वर एकाच भोकातून पडतात आणि एकमेकांना घासतात. दोन सप्तकं वर हेच अंतर १३६ होतं, चाळणी मात्र ९० च्या आतच. दोघांना आपापली जागा.

आता मोबाईलचा प्रश्न. खालचा मूळ स्वर काढून टाकला आणि त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट उपस्वर ठेवले, तरी कानाला मूळ स्वरच ऐकू येतो. झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये सायरनवर प्रयोग करताना हे मांडलं आणि ओमशी त्याचा मोठा वाद झाला. विजेच्या नियमवाला ओम, तोच. पुढे कित्येक दशकं लोकांना वाटायचं की तो हरवलेला स्वर कानात भेसळीने तयार होत असावा. १९५४ मध्ये लिकलायडरने त्या जागेवर मुद्दाम गोंगाट टाकून पाहिला, तरी स्वर ऐकू येतच राहिला. म्हणजे तो खालच्या जागेवर नव्हताच, उपस्वरांच्या एकत्र ठेक्यातून मेंदू काढत होता. जुन्या लँडलाइनमधून ३०० च्या खालचं काही जात नसे, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या आसपास. तरी बाबांचा आवाज बाबांचाच वाटायचा ना?

डग्ग्याचे उपस्वर तबल्याइतके पटीत नाहीत, पण टाच दाबली की ते एकत्रच वर सरकतात. मोबाईलवर तुम्हाला मींड कळते ती त्या सरकण्यातून.

दूरदेशी_नागपूरकर

मग तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार म्हणजे याच्या उलट का? इथे सगळे मिळून एक न वाजलेला स्वर दाखवतात, तिथे वाजलेल्या एका तारेतून एक उपस्वर फुटून वेगळा उभा राहतो.

काळी_एक

हो, असंच म्हणता येईल. काळी एक पट्टीचा तंबोरा, खर्जाची तार ६९ च्या आसपास, तिचा पाचवा अंश ३४६ म्हणजे गंधार. जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून येणारी झणक, नीट उघडली, घोडीवरचा दोरा बरोबर जागी बसला की तो दिसायला लागतो. दोरा काढा, खर्ज तोच राहील पण तार मुकी होईल. नव्या मुलांना वाटतं, खर्ज जाड तारेमुळे भरदार लागतो.

संत्राबर्फी

काल दिवसभर हेच करत बसले होते, ऑफिसचं काम सोडून.

कंप्युटरवर इक्वलायझर लावून तेच पेशकार घेतलं. आधी १५० च्या खालचं सगळं कापलं. डग्गा हडकुळा झाला, पण वाचता येत होता. प्रत्येक 'गे' कुठे गेला ते लिहून काढता आलं असतं. मग उलट केलं, ५०० च्या वरचं कापलं. खाली भरपूर होतं, पण टाच गायब, आणि 'गे' कुठला, 'क' नंतरचा की 'ती' नंतरचा, हे ताल मोजूनच कळत होतं. भावाला कुठलं काय ते न सांगता दोन्ही ऐकवलं. म्हणाला, दुसऱ्यात बेस जास्त आहे पण पहिल्यात डग्गा जास्त आहे. वाक्य त्याचं त्यालाच विचित्र वाटलं.

माळवदांनी सांगितलं तसं खोलीभर फिरले. आई विचारत होती की वास्तुशांत करतेस का. स्पीकर आता कोपऱ्यातून निघून खिडकीच्या बाजूला, भिंतीपासून दोनेक हात पुढे आलाय. बेस कमी वाटतो. रेला मात्र सुटा झाला. कपाट उघडं ठेवलं तरी फरक पडतो असं वाटलं, गोधड्या आहेत आत. की माझा भास?

माळवद

खालच्या स्वरांना दोन-चार गोधड्यांनी काही होत नाही, वरच्या खणखणाटाला होतं. पण कपाटाचं दार हलतं असेल तर ते बेस खातही असेल किंवा स्वतःच वाजतही असेल. दाराला हात लावून ऐका.

संत्राबर्फी

वाजतं. 😐 कडी सैल आहे.

तर्रीपोहा

तीन महिने कूलर, मग कपाट. ताई, ते हेडफोनवाल्या कंपनीला माफीचं पत्र लिहा आता.

काळी_एक

यंत्रं पुरे. खरा डग्गा समोर बसून ऐकला नाहीत तर हे सगळं कशाशी ताडून पाहणार? या रविवारी सकाळी या, पत्ता व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवतो. फक्त एक अडचण, या दमट हवेत पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडते, माझा डग्गा परवापासून बसलाय. शनिवारी थोडं ऊन निघालं तर गच्चीत ठेवून चढवतो. नाही निघालं तर इस्त्री आहेच, लांबून. सदरबाजार भाऊ, तुम्हीही या, वूफर घरी ठेवून.

सदरबाजार

येतो काका. तर्री घेऊन येऊ का पोह्यासोबत?

तर्रीपोहा

मला कोणी बोलावून राहिलं का?